मधुमेही मांजर आणि स्वस्त इन्सुलिनचा हिशेब

मांजराचा मधुमेह इन्सुलिनने आटोक्यात राहतो, पण ते रोज दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने आणि बहुधा वर्षानुवर्षे टोचावे लागते. टोचायला घरातली माणसे थोड्या सरावाने शिकतात. सुई इतकी बारीक असते की मांजर खाण्यात गुंतलेले असेल तर मान वळवूनही बघत नाही. अडते ते खर्चापाशी. इन्सुलिन, सिरिंजा, रक्त तपासायच्या पट्ट्या, वेगळा आहार आणि पशुवैद्याच्या फेऱ्या अशी बेरीज होत जाते आणि काही महिन्यांत कमी खर्चाच्या इन्सुलिनचा शोध सुरू होतो. तसे इन्सुलिन मिळते आणि अनेकदा ते तितकेच चांगले, क्वचित अधिक चांगलेही असते. मात्र एका इन्सुलिनवरून दुसऱ्यावर जाताना घडणाऱ्या बहुतेक दुर्घटनांचे मूळ औषधाच्या दर्जात नसते. ते बाटलीतल्या द्रवाची तीव्रता आणि सिरिंजवरच्या खुणा यांचा मेळ चुकण्यात असते.

मांजराचा मधुमेह माणसातल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी बराच जुळतो. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. हळूहळू इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात, काही नष्ट होतात आणि त्यांच्या जागी अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते. मध्यमवय उलटलेली, लठ्ठ आणि घराबाहेर न पडणारी मांजरे, त्यातही नसबंदी झालेले बोके या आजाराला अधिक बळी पडतात. त्वचेच्या किंवा दम्याच्या तक्रारीसाठी दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड औषधेही मधुमेह ओढवून आणतात. पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होणे, लघवीचे प्रमाण वाढणे आणि भरपूर खाऊनही वजन उतरणे ही नेहमीची लक्षणे. आजार अंगात मुरला तर मागच्या पायांच्या नसा कमजोर होतात आणि मांजर पंजांवर चालण्याऐवजी टाचा टेकवून चालू लागते. एकदा साखर वाढलेली दिसली म्हणून मात्र निदान होत नाही. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही डेसिलिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते. म्हणून आधीच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन ही चाचणी केली जाते.

इन्सुलिनच्या बाबतीत मांजर हा चोखंदळ प्राणी आहे. कुत्र्याचे इन्सुलिन रेणूरचनेत डुकराच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते. मांजराच्या इन्सुलिनमध्ये आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, तर माणसाच्या इन्सुलिनपासून ते चार ठिकाणी वेगळे पडते. तरीही आज मांजरांना दिली जाणारी बहुतेक इन्सुलिने मानवी रेणूवर आधारलेली आहेत आणि ती उत्तम लागू पडतात. खरी अडचण कालावधीची असते. मांजराचे शरीर टोचलेले इन्सुलिन चटकन वापरून टाकते. माणसाला दिवसभर पुरणारे औषध मांजरात अर्ध्या दिवसातच ओसरू लागते, आणि माणसात बारा तास चालणारे त्याहून खूप आधी. म्हणून मांजरासाठी सावकाश सुटणारे, दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन लागते आणि तेही बहुधा दिवसातून दोनदा.

अशी इन्सुलिने मोजकीच आहेत. प्रोटामिन आणि जस्त मिसळून इन्सुलिनचा वेग कमी करण्याची युक्ती १९३६ मध्ये टोरोंटोत साधली गेली. पीझेडआय या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे ते औषध माणसांच्या उपचारातून मागे पडले, पण मांजरांच्या उपचारात टिकले. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनपासून बनत असे. अमेरिकेत २००९ मध्ये मानवी रेणूचे पीझेडआय ‘प्रोझिंक’ या नावाने खास मांजरांसाठी मंजूर झाले. दुसरे पशुवैद्यकीय इन्सुलिन म्हणजे डुकराच्या इन्सुलिनपासून बनणारे ‘कॅनिन्सुलिन’. अमेरिकेत ते ‘व्हेटसुलिन’ या नावाने विकले जाते. मांजरात त्याचा असर साधारण आठ ते बारा तास राहतो, म्हणजे पुढचे इंजेक्शन येईपर्यंत कधी पुरतो, कधी पुरत नाही. तिसरे ग्लार्जिन. हे माणसांचे औषध, अमेरिकेत २००० मध्ये ‘लँटस’ या नावाने मंजूर झालेले. पशुवैद्यकीय बाजारात ते नव्हतेच. पशुवैद्यांनी ते मांजरांना देऊन पाहिले आणि त्यांचा अनुभव चांगला आला.

ग्लार्जिनची करामत त्याच्या आम्लतेत आहे. बाटलीतला स्वच्छ, पारदर्शक द्रव आम्लधर्मी असतो. कातडीखाली गेल्यावर तिथली आम्लता कमी असल्याने त्याचे अतिसूक्ष्म कण साकळतात आणि त्या साठ्यातून इन्सुलिन थोडे थोडे रक्तात झिरपत राहते. यावरून दोन पथ्ये आपोआप निघतात. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरे इन्सुलिन मिसळायचे नसते, कारण आम्लता बिघडली की साठा बनण्याची क्रियाही बिघडते. आणि हा साठा जमायला वेळ लागत असल्याने औषधाचा पूर्ण परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. तो तीन ते पाच दिवसांत स्थिरावतो.

स्वस्त इन्सुलिनची चर्चा सर्वांत जोरात झाली ती अमेरिकेत, कारण इन्सुलिनच्या किमतीचा प्रश्न तिथे माणसांच्याच जिवावर बेतला होता. इन्सुलिनचे पेटंट शोधकांनी १९२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला विकले होते. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, दहा मिलिलिटर लँटसच्या बाटलीची छापील किंमत सुमारे २९२ डॉलर होती. मधुमेही मांजराला बहुधा ना विमा, ना सरकारी कार्यक्रम. माणसांसाठी दरमहा ३५ डॉलरची मर्यादा आली तीही त्याला लागू नाही. बदल आला तो छापील किमतीच उतरल्या तेव्हा. लँटस बनवणाऱ्या सानोफीने मार्च २०२३ मध्ये ७८ टक्के कपात जाहीर केली आणि १ जानेवारी २०२४ पासून तीच बाटली ६४ डॉलरवर आली, तर पाच पेनांचा खोका ९६ डॉलरवर. छापील किंमत सर्वांसाठी सारखी असल्याने हा फायदा मांजरांनाही मिळाला.

दुसरी वाट बायोसिमिलरची. पेटंटची मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीने त्याच रेणूचे, पण स्वतःच्या प्रक्रियेने बनवलेले जैविक औषध म्हणजे बायोसिमिलर. ‘सेमग्ली’ या ग्लार्जिनला जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत असा दर्जा मिळाला की औषधविक्रेता डॉक्टरला न विचारता लँटसऐवजी ते देऊ शकतो. असा दर्जा मिळालेले ते तिथले पहिले इन्सुलिन होते आणि त्याच्यामागे बंगळुरूची बायोकॉन ही कंपनी होती. एलाय लिलीचे ‘रेझव्होग्लार’ एप्रिल २०२३ पासून पाच पेनांना ९२ डॉलर या भावाने विकले जाऊ लागले. या औषधांच्या मंजुरीच्या चाचण्या माणसांवर झाल्या, मांजरांवर नाहीत. पण रेणू तोच आणि तीव्रता तीच, त्यामुळे लँटसवरून बायोसिमिलर ग्लार्जिनवर जाणे हा सगळ्या बदलांमधला सर्वांत सोपा बदल मानला जातो.

प्राण्याला माणसांचे औषध देणे कायद्यात कुठे बसते, कुठे नाही. अमेरिकेत १९९४ च्या एका कायद्याने पशुवैद्याला माणसांची मंजूर औषधे प्राण्यांसाठी लिहून देण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये मात्र प्राण्यासाठी परवाना मिळालेले औषध उपलब्ध असताना केवळ स्वस्त पडते म्हणून माणसांचे औषध देता येत नाही. तिथे आधी कॅनिन्सुलिन किंवा प्रोझिंक वापरावे लागते आणि ते लागू पडले नाही, असे वैद्यकीय कारण असेल तरच ग्लार्जिनकडे जाता येते.

किमतीची तुलना करताना सर्वसामान्य चूक होते ती बाटलीच्या भावाकडे बघण्याची. मांजराला लागणारी मात्रा माणसाच्या मानाने चिमूटभर असते. सुरुवात बहुधा दर वेळी एक युनिटने होते. पुढे दर वेळी दोन युनिट लागतात असे धरले तर दिवसाला चार युनिट खर्च होतात. लँटसच्या बाटलीत १००० युनिट असतात, म्हणजे हिशेबाने ती २५० दिवस पुरावी. पण उघडलेली बाटली २८ दिवसांनी टाकून द्यावी, असे तिच्या माहितीपत्रकात म्हटलेले असते. ते तंतोतंत पाळले तर चार आठवड्यांत ११२ युनिट वापरली जातात आणि बाकीचे जवळजवळ नऊ दशांश औषध कचऱ्यात जाते. पेनचा हिशेब वेगळा. एका पेनमध्ये ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात आणि न उघडलेली पेने फ्रिजमध्ये शेवटच्या तारखेपर्यंत चांगली राहतात. दर २८ दिवसांनी नवे पेन काढले तर ९६ डॉलरचा खोका १४० दिवस चालतो आणि एका पेनला १९ डॉलर २० सेंट पडतात. बाटली दर २८ दिवसांनी बदलली तर प्रत्येक वेळी ६४ डॉलर. दुकानात महाग दिसणारा खोका घरात तिपटीने स्वस्त पडतो. फ्रिजमध्ये नीट ठेवलेले ग्लार्जिन अनेक पशुवैद्य २८ दिवसांपेक्षा बरेच जास्त वापरू देतात. पण द्रव गढूळ झाला, त्यात कण दिसले किंवा काही कारण नसताना साखर चढू लागली की ते टाकायचे, ही त्यांची अट असते. पशुवैद्यकीय बाटल्यांनाही मुदत असते. उघडल्यावर कॅनिन्सुलिन ४२ दिवसांत आणि प्रोझिंक ६० दिवसांत संपवावे, असे त्यांच्या माहितीपत्रकांत म्हटले आहे. प्रोझिंकच्या बाटलीतल्या ४०० युनिटांपैकी दिवसाला चार या दराने त्या मुदतीत २४० वापरली जातात.

पेन घेतले तरी मांजराला अनेकदा पेनने टोचत नाहीत. पेनची चकती एकेका युनिटाने पुढे सरकते आणि मांजरात अर्ध्या युनिटानेही फरक पडतो. शिवाय दर वेळी सुईतली हवा काढण्यासाठी दोन युनिट वाया जातात, म्हणजे मांजराला जेवढे द्यायचे तेवढेच. म्हणून पेनच्या रबरी तोंडातून सिरिंजने इन्सुलिन काढण्याची पद्धत पडली आहे. त्यासाठी अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची बारीक सिरिंज उत्तम. एकदा सिरिंजने काढायला सुरुवात केली की त्या पेनची चकती पुन्हा वापरू नये, कारण आत हवा जाते आणि चकतीचा आकडा खरा राहत नाही. लँटस बनवणाऱ्या सानोफीच्याच, तशाच दिसणाऱ्या ‘टूजिओ’ पेनमध्ये मिलिलिटरला ३०० युनिट एवढे तीव्र ग्लार्जिन असते. त्यातून साध्या सिरिंजने काढले तर मात्रा तिप्पट होते.

सर्वांत स्वस्त ते सर्वांत परवडणारे, हे गणित मांजराच्या बाबतीत दोन ठिकाणी फसते. पहिले ठिकाण माणसांसाठीच्या एनपीएच नावाच्या इन्सुलिनचे. अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत त्याची बाटली २५ डॉलरच्या आसपास, बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळते. भारतातही ते स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असते. पण मांजरात ते वेगाने चढते आणि लवकर ओसरते. मधल्या दोन-तीन तासांत साखर धोकादायक खाली जाते आणि पुढचे इंजेक्शन येईपर्यंत पुन्हा आकाशाला भिडते. दुसरे काहीच मिळत नसेल तेव्हाची ती तडजोड आहे. दुसरे ठिकाण तोंडाने द्यायच्या औषधांचे. बेक्साग्लिफ्लोझिन अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिन ऑगस्ट २०२३ मध्ये मांजरांसाठी मंजूर झाले. दिवसातून एकदा तोंडाने औषध, सुई नाही, म्हणजे सुटकाच वाटावी. पण ही औषधे आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत. इन्सुलिनवर असलेले मांजर त्यांच्यावर नेले तर साखर बरी दिसत असतानाच रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचून जिवावर बेतू शकते. इन्सुलिन परवडत नाही म्हणून या औषधांकडे वळणे ही सोपी दिसणारी वाट त्यामुळे बंद आहे. कारल्याचा रस, मेथीचे पाणी यांची सूचना मराठी घरांत हमखास येते. इन्सुलिनची जागा ते घेऊ शकत नाहीत, आणि मांजर ते पिणारही नाही.

आता तीव्रतेकडे. पशुवैद्यकीय इन्सुलिने, म्हणजे प्रोझिंक आणि कॅनिन्सुलिन, मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेची असतात. ग्लार्जिन मिलिलिटरला १०० युनिटचे. प्रत्येक तीव्रतेची सिरिंज वेगळी असते, कारण सिरिंजवरची ‘युनिट’ ही खूण प्रत्यक्षात द्रवाचे आकारमान दाखवते. समजा, एक मांजर प्रोझिंकचे दर वेळी दोन युनिट घेत आहे आणि घरात ४० च्या सिरिंजांचे पाकीट उरले आहे. नवे ग्लार्जिन आणले आणि जुन्याच सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरले. त्या खुणेपर्यंत ०.०५ मिलिलिटर द्रव मावतो आणि १०० तीव्रतेच्या औषधात त्याची पाच युनिट होतात. म्हणजे मांजराला अडीचपट इन्सुलिन गेले, आणि तेही बारा तास काम करत राहणारे. उलट बाजूने चूक झाली, म्हणजे ४० चे औषध १०० च्या सिरिंजने दोनच्या खुणेपर्यंत भरले, तर जाते फक्त ०.८ युनिट. मांजर त्या दिवशी कोसळत नाही, पण साखर चढत राहते आणि नव्या औषधात दम नाही असा गैरसमज होतो. पहिली चूक काही तासांत मारू शकते, दुसरी काही दिवसांत.

भारतात ही चूक अधिक सहज घडू शकते. पाश्चात्त्य देशांत ४० ची सिरिंज आता जवळजवळ फक्त प्राण्यांच्या औषधांसाठी उरली आहे. भारतात मात्र माणसांच्या साध्या आणि मिश्र इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही ४० तीव्रतेच्या असतात, तर ग्लार्जिन १०० चे. दोन्ही सिरिंजा एकाच मेडिकल दुकानात, अनेकदा एकाच खणात ठेवलेल्या असतात. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढेच म्हटले तर हातात कोणती पडेल याचा नेम नाही. बाटलीवरची तीव्रता वाचून तोच आकडा सिरिंजवर आहे ना, हे दुकानातच पाहावे आणि बदलाच्या दिवशी जुन्या सिरिंजा घरातून काढून टाकाव्यात. घरातल्या आजोबांनाही मधुमेह असेल तर त्यांचे आणि मांजराचे सामान वेगळ्या डब्यांत ठेवणे दोघांच्याही हिताचे.

भारतातल्या मांजरांना बहुतेक वेळा पहिल्यापासून माणसांचेच इन्सुलिन दिले जाते, त्यामुळे इथे प्रश्न महागड्या ग्लार्जिनवरून देशी ग्लार्जिनवर जाण्याचा असतो. बायोकॉनचे ‘बासालॉग’ आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या वोखार्टचे ‘ग्लॅरिटस’ ही त्यातली ओळखीची नावे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला आणि त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आली. काडतूस किंवा पेन सुटे मिळाले तर पूर्ण बाटलीपेक्षा तेच परवडते.

प्रत्यक्ष बदल कसा करायचा हे जुने आणि नवे इन्सुलिन कोणते यावर ठरते. लँटसवरून दुसऱ्या कंपनीच्या १०० तीव्रतेच्या ग्लार्जिनवर जाताना पशुवैद्य सहसा तेवढीच युनिट आणि त्याच वेळा कायम ठेवतात. प्रकारच बदलत असेल, म्हणजे प्रोझिंक किंवा कॅनिन्सुलिनवरून ग्लार्जिनवर, तर जुना आकडा जसाच्या तसा उचलला जात नाही. नव्या औषधाच्या सुरुवातीच्या मात्रेपासून किंवा आधीपेक्षा थोडे कमी देऊन सुरुवात होते. काही दिवस साखर थोडी चढी राहिली तर ते चालते. खाली गेलेली साखर चालत नाही. जुन्या औषधाची शेवटची मात्रा संध्याकाळी आणि नव्याची पहिली दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्याच वेळी. दोन्ही एकत्र कधीच नाहीत.

दिवस असा निवडावा की सकाळपासून घरात कोणीतरी असेल आणि दवाखाना उघडा असेल. मधुमेह पुरेसा आटोक्यात नसताना, मांजर खात नसताना, उलट्या होत असताना किंवा लघवीत कीटोन आढळलेले असताना बदल करू नये. पैसे वाचवण्याची ती वेळ नव्हे. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेऊन बारा तासांचा आलेख काढला तर सर्वांत खालची साखर किती आणि ती कधी येते, हे कळते. ती साधारण ८० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. दवाखान्यात काढलेल्या आलेखापेक्षा घरचा आलेख खरा, कारण घरी ताण नसतो. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात प्रत्यक्षाहून थोडा कमी आकडा दाखवतात. स्वस्त मीटर वापरायला त्यामुळे हरकत नाही, पण बदलाच्या काळात मीटरही बदलला तर आकड्यांची तुलनाच उरत नाही. अंगावर चौदा दिवस चिकटून राहून साखर मोजणारा संवेदक परवडत असेल तर बदलाच्या पंधरवड्यासाठी तो वसूल होतो.

पहिल्या दोन दिवसांचे आकडे बघून मात्रा वाढवण्याचा मोह होतो. ग्लार्जिनचा साठा जमायला वेळ लागत असल्याने पाच ते सात दिवस थांबून, मग वाढवायची तर अर्ध्या युनिटाने वाढवतात. टोचताना इन्सुलिन केसांवर सांडले अशी शंका आली तर पुन्हा टोचू नये. किती आत गेले ते कळायला मार्ग नसतो आणि एक मात्रा चुकल्याने फारसे बिघडत नाही.

नव्या बाटलीचा एक छुपा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. जुनी बाटली महिनोन्‌महिने वापरली असेल तर तिची शक्ती थोडी घटलेली असते आणि तेवढ्या प्रमाणात मात्रा वाढवत नेलेली असते. तीच मात्रा ताज्या औषधाची दिली की साखर अपेक्षेपेक्षा खाली येते. असे झाले की नवे इन्सुलिन ‘फार कडक’ असल्याची तक्रार होते. खरे तर जुने थकलेले असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेल्या औषधाचे उलटे होऊ शकते. नवीच बाटली वाटेत तापून निकामी होऊन येते. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरण्याजोगे राहत नाही.

साखर ६० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली की लक्षणे दिसू लागतात. मांजर अचानक खादाड होते किंवा कोपऱ्यात लपते, झोकांड्या देते, थरथरते, पुढे झटके येतात. शुद्धीत असेल तर आधी खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी हिरड्यांना बोटाने चोळावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सुधारणा दिसली तरी दवाखाना गाठावा, कारण मधाचा परिणाम काही मिनिटांचा आणि इन्सुलिनचा काही तासांचा असतो. मांजराने जेवण नाकारले असेल तर त्या वेळची पूर्ण मात्रा द्यायची नाही. किती कमी द्यायची हे आधीच विचारून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलेले बरे.

इन्सुलिन बदलत असताना आहार बदलू नये. मांजर मूळचे मांसाहारी असल्याने कमी पिष्टाचा, भरपूर प्रथिनांचा आहार दिला की त्याची इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. आपल्याकडे दूध-भातावर किंवा कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या मांजराच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. दोन्ही बदल एकदम केले तर साखर कशाने उतरली हे कळत नाही आणि कालची योग्य मात्रा आज जास्त ठरते. आधी एक, ते स्थिर झाल्यावर दुसरे. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करणे तर घातकच, कारण काही दिवस अन्न न मिळालेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते.

आहार आणि इन्सुलिन दोन्ही जमून आले तर मांजर मधुमेहमुक्तीच्या अवस्थेत जाऊ शकते, म्हणजे इन्सुलिन बंद करूनही आठवडेच्या आठवडे साखर सामान्य राहते. माणसांपेक्षा मांजरांत हे कितीतरी अधिक घडते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाशी संबंधित, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नव्याने निदान झालेली २४ मांजरे आठ-आठच्या तीन गटांत विभागून कमी पिष्टाच्या आहारावर ठेवली होती. ग्लार्जिनच्या गटातली आठही इन्सुलिनमुक्त झाली, त्या वेळच्या पीझेडआयच्या गटातली तीन, आणि कॅनिन्सुलिनच्या जातीच्या इन्सुलिनवरची दोन. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ५५ मांजरांवर ग्लार्जिन आणि काटेकोर घरगुती तपासणी वापरली गेली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरे मुक्त झाली, उशिरा सुरू झालेल्यांपैकी ३५ टक्के. सगळ्या अभ्यासांत आकडे एवढे चांगले आलेले नाहीत आणि इतक्या लहान गटांवरून हमी देता येत नाही. तरी खर्चाच्या दृष्टीने दिशा स्पष्ट आहे. निदान ताजे असताना चांगल्या इन्सुलिनवर आणि तपासणीच्या पट्ट्यांवर केलेला खर्च पुढची वर्षे वाचवू शकतो, तर त्याच काळात स्वस्त म्हणून एनपीएचवर घालवलेले महिने ती संधी दवडू शकतात.

मुक्तीकडे जाणाऱ्या मांजराची साखर हळूहळू उतरत जाते आणि मात्रा टप्प्याटप्प्याने घटवावी लागते. नवे इन्सुलिन सुरू केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आकडे खाली येऊ लागले तर ते बहुधा याचेच लक्षण असते. तेव्हा जुनी मात्रा हट्टाने चालू ठेवणे धोक्याचे.

उलट, मात्रा वाढवत नेऊनही साखर उतरत नसेल तर ब्रँड पुन्हा बदलण्याआधी कारण शोधावे. दातांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, चालू असलेले स्टेरॉइड ही नेहमीची कारणे. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत तपासलेल्या मधुमेही मांजरांपैकी जवळपास चौथ्या हिश्शात हा विकार असल्याचे अनुमान निघाले. अशा मांजराला दर वेळी दहा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त युनिट लागू शकतात, म्हणजे दिवसाला वीस-तीस. तेवढ्या खपात १००० युनिटची बाटली महिना-दीड महिन्यात संपते, वाया बरेच कमी जाते, आणि वरच्या भावांत बाटलीचा व पेनांचा दर युनिटाचा खर्च सारखाच पडतो.